दोन रेकॉर्डर आणि एक न फुंकलेला सूर

आमच्या गावात रेकॉर्डर म्हटले की अजूनही टेपरेकॉर्डरच समजतात. त्यामुळे शाळेच्या स्नेहसंमेलनात मी आणि माझा भाचा रेकॉर्डर वाजवणार, ही बातमी पसरली तेव्हा कॅसेटी कोठून आणणार, अशी चौकशी झाली. प्रत्यक्षात हे जत्रेत मिळणाऱ्या अलगुजाच्या जातीचे युरोपीय वाद्य आहे. ते उभे धरतात, तोंडाशी बसवलेल्या ठोकळ्यावरच्या अरुंद फटीतून हवा धारेवर आदळते आणि बोटांसाठी पुढे सात व अंगठ्यासाठी मागे एक भोक असते. हिंगणघाट तालुक्यातील आमच्या गावी दोघांनी मिळून तीन काळांतील संगीत त्यावर बसवायला आम्हांला आठ महिने लागले.

रचनांची निवड लवकर झाली. इंग्लंडच्या टॉमस मॉर्लीने १५९५ साली दोन आवाजांसाठीच्या गीतांचा संग्रह छापला, त्यात केवळ वाद्यांसाठी लिहिलेल्या फँटसिया, म्हणजे मोकळ्या घाटाच्या रचनाही आहेत. त्यांतील एक घेतली. जर्मन रचनाकार टेलेमान याच्या, १७३८ मध्ये पॅरिसला छापलेल्या कॅनन सोनाटांपैकी (एकाच ओळीचा मागोमाग पाठलाग करणाऱ्या, अनेक भागांच्या वाद्यरचनांपैकी) एक घेतली आणि विसाव्या शतकासाठी, खेड्यापाड्यांतून लोकगीते गोळा करणाऱ्या हंगेरीच्या बार्टोकने १९३१ मध्ये दोन व्हायोलिनांसाठी लिहिलेल्या ४४ रचनांतील दोन, आमच्या वाद्यांना झेपतील अशा पट्टीत उतरवून घेतल्या.

पहिली अडचण खरेदीतच झाली. मागवलेल्या दोन प्लास्टिकच्या रेकॉर्डरांपैकी एक 'जर्मन' बोटयोजनेचा (कोणत्या सुराला कोणती भोके झाकायची, त्या पद्धतीचा) निघाला आणि दुसरा 'बरोक'. जर्मन प्रकारात एफ हा पाश्चात्त्य सूर सोप्या बोटांनी निघतो, म्हणून नवशिक्यांना तो बरा वाटतो. पण त्या सोयीची किंमत एफ शार्पला, म्हणजे त्याच्या लगेच वरच्या अर्ध्या सुराला मोजावी लागते; तो नीट लागत नाही. दोन वाद्ये शेजारी ठेवल्यावर चौथ्या आणि पाचव्या भोकांच्या आकारांतला फरक डोळ्यांनाही दिसतो. आम्ही महिनाभर एकमेकांची बोटे चुकीची ठरवत होतो. शेवटी दोन्ही बरोकच घेतले.

भाचा भजनी मंडळात बासरी वाजवतो, त्यामुळे बोटांची त्याला भीती नव्हती. नडली ती सवय. बासरीत ओठ किंचित वळवून सूर सावरता येतो, रेकॉर्डरमध्ये ओठांना ते काम उरतच नाही. फुंक वाढली की सूर चढतो, कमी झाली की उतरतो. रब्बीत कृषिपंपाची वीज रात्री यायची, म्हणून हरभऱ्याला पाणी देऊन तो पहाटे माझ्याकडे यायचा आणि थकलेल्या श्वासाचा प्रत्येक सूर खाली बसायचा.

खरे शिक्षण त्याच पहाटेच्या सरावांत झाले. उंच सुरांत दोघे एकत्र वाजवू लागलो की खालून एक घरघर ऐकू येई. मी वाद्याला तडा गेला असेल असे समजून ते दोनदा उजेडात धरून पाहिले. नंतर उलगडले की दोन उंच सुरांच्या कंपनसंख्यांतील फरकाइतका तिसरा सूर कानातच उमटतो. सेकंदाला ८८० कंपनांचा षड्ज आणि त्याचा शुद्ध गांधार ११०० कंपनांचा असेल, तर फरक २२०, म्हणजे तोच षड्ज दोन सप्तके खाली. सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या हार्मोनियमच्या पट्टीत मात्र तो गांधार सुमारे ११०९ वर असतो. मग खालचा सूर २२९ च्या आसपास जातो आणि बेसूर घोंघावतो. मी मोबाइलवरच्या, त्याच पट्टीने सूर मोजणाऱ्या ट्यूनरचा काटा मधोमध आणून गांधार वाजवत होतो आणि म्हणूनच तो लागत नव्हता. भाच्याला हे आकडे सांगावे लागले नाहीत. ‘‘तंबोऱ्यात आपोआप गांधार निघते, तसंच उलटं हाय हे, मामाजी,’’ एवढे बोलून त्याने ट्यूनर बंद करायला लावला.

टेलेमानच्या कॅननमध्ये दोघांपुढे एकच ओळ असते. दुसरा एक माप उशिरा सुरू करतो. आमच्याकडे भजनात चरण संपल्यावर मागचे झेलतात, इथे तो संपण्याआधीच झेलायचा असतो. मागे राहणाऱ्याने पुढच्याची चूकही तशीच उचलली तर गंमत होते, आणि आमच्याकडे ती बरेचदा झाली. मूळ सोनाटा आडव्या बासरीसाठीही असल्याने आम्ही ती प्रथेप्रमाणे आल्टो, म्हणजे मोठ्या, खालच्या आवाजाच्या रेकॉर्डरवर, मूळपेक्षा तीन अर्धसूर वर चढवून वाजवली.

कार्यक्रम जानेवारीच्या थंडीत होता. गार वाद्य उतरलेले लागते आणि गरम श्वासाची वाफ फटीत जमून आवाज कोंदतो, म्हणून दोन्ही रेकॉर्डर स्वेटरच्या आत बगलेत धरून बसलो होतो. तरी संथ भागात माझा आल्टो गुदमरलाच. धार झाकून जोराने फुंकून पाणी काढले आणि तो भाग पुन्हा आरंभापासून घेतला. लोक शांत बसले होते; बार्टोकला मात्र पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला.

दुसऱ्या दिवशी कपाशीच्या बांधावर भाचा भेटला. मी कौतुकाची वाट पाहत होतो.

‘‘मामाजी, मॉर्लीत शेवटाले तुमचा गांधार चढलाच होता,’’ तो म्हणाला. चढला होता.