चार सूत जागा: आपल्या हवेत इंजिनिअर्ड वुड फ्लोअरिंग बसवताना

दुकानात जाऊन नुसतं 'वुडन फ्लोअरिंग दाखवा' म्हटलं की समोर तीन वेगवेगळ्या वस्तू येतात आणि तिघींचं नाव एकच असतं. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची पाटी आणि वर लाकडाचा छापील कागद. एसपीसी म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक. तेही छापीलच, पण पाण्याला दाद देत नाही. इंजिनिअर्ड वुडमध्ये वरचा थर खऱ्या लाकडाचा असतो आणि खाली प्लायचे किंवा एचडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या पाटीचे थर. ओळखायचं कसं? फळी कडेने पाहा. वरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसल्या तर ते लाकूड, काठाशी थबकल्या तर कागद.

विक्रेता एकूण जाडी सांगतो, १४ मिमी, १५ मिमी. तुम्ही वरच्या थराची जाडी विचारा. ०.६ मिमीच्या थराला कधीच पॉलिश पेपर लावता येत नाही. दहा वर्षांनी ओरखडे पडले की फळ्याच बदलायच्या. ३ ते ४ मिमी असेल तर दोन वेळा तरी घासून नवं पॉलिश करता येतं. दर चौरस फुटाच्या भावातला मोठा फरक इथेच असतो. जाहिरातीतली 'युरोपियन ओक' ही अक्षरं दोन्हीकडे सारखीच छापलेली असतात.

लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. १९० मिमी रुंद अखंड ओकच्या फळीतला ओलावा सहा टक्क्यांनी वाढला तर ती साधारण ४ मिमी रुंद होते. सागवान याच्या निम्मंच हलतं. आपल्या जुन्या घरांची दारं-खिडक्या सागाच्या असायच्या, त्यात वाळवीइतकंच हेही कारण. इंजिनिअर्ड फळीत एकाआड एक थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे एक थर दुसऱ्याला पसरू देत नाही. हलणं कमी होतं, थांबत नाही. फेब्रुवारीतल्या दुपारी हवेची आर्द्रता चाळीस टक्क्यांवर येते, तेव्हा लाकडाचा कल साडेसात टक्के ओलाव्याकडे असतो. जुलैत ८५ टक्के आर्द्रतेत तोच कल सतरा टक्क्यांकडे जातो. पुढचं सगळं काम या दोन आकड्यांमधल्या अंतरासाठी आहे.

म्हणून जून ते सप्टेंबर काम काढू नका. पावसात फुगलेल्या फळ्या घट्ट बसवल्या की मार्चमध्ये फटी पडतात. दिवाळीनंतर ते जानेवारी हा काळ बरा. पण कोरड्या दिवसांत बसवलेली जमीन पावसाळ्यात पसरणार हे धरूनच बसवायची, हे मिस्त्रीला पहिल्या दिवशी सांगायचं. सांगताना मिलिमीटर वापरू नका. त्याच्या भाषेत एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत जवळपास ३ मिमी. भिंतीपासून चारही बाजूंनी चार सूत जागा सोडायची. हे वाक्य कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं तरी हरकत नाही.

आता खालची जमीन. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बहुधा व्हिट्रिफाइड टाइल्स असतात, नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत मोझॅक, नवी मुंबईत सिडकोच्या जुन्या घरांत शहाबादी किंवा कोटा. यातलं काहीच फोडायची गरज नसते. फोडलं तर सोसायटीची परवानगी, राडारोडा आणि खालच्या घराशी भांडण, तिन्ही पदरात पडतं. फक्त लादी घट्ट असली पाहिजे. हातोडीच्या लाकडी दांड्याने प्रत्येक लादी ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर खडूने खूण करा. अशी लादी काढून, खालचा माल भरून परत बसवायची, नाहीतर वर कितीही भारी लाकूड टाका, पाय पडला की कुरकुर होणारच.

मग सपाटी. दोन मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर ठेवून तिच्याखालची फट मोजायची. एक सूत, म्हणजे ३ मिमीपर्यंत चालतं. त्यापुढे उंचवटा असेल तर ग्राइंडरने घासायचा, खळगा असेल तर सेल्फ लेव्हलिंग कंपाउंड ओतायचं. एका चौरस मीटरवर १ मिमी जाडीला अंदाजे १.७ किलो पावडर लागते. दहा बाय बाराच्या खोलीत, म्हणजे ११ चौरस मीटरमध्ये, सरासरी ३ मिमी भरायचं तर ५६ किलो होतात. २५ किलोच्या तीन गोण्या आणा. गुळगुळीत लादीवर आधी खरखरीत प्रायमर मारावा लागतो, तो चुकवला तर कंपाउंड पापुद्र्यासारखं सुटतं. 'जाड फोम टाकू, सगळं झाकलं जाईल' हा मिस्त्रीचा आवडता उपाय आहे. तो ऐकू नका. मऊ जाड फोमवर प्रत्येक पावलाला फळी खाली दबते आणि वर्षभरात क्लिक लॉकची, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या खाचेतली जीभ तुटते. २ मिमी फोम पुरे, ३ मिमीच्या वर नको.

नवी मुंबईत वाशी, नेरूळ, बेलापूरकडे तळमजला असेल तर ओलाव्याची परीक्षा घेतल्याशिवाय फळ्यांची ऑर्डर देऊ नका. बराचसा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा आहे, सिडकोला भरती-पावसाचं पाणी साठवणारे धारण तलाव बांधावे लागले ते उगाच नव्हे. दीड फूट बाय दीड फूट स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवा, टाइल्सचा एखादा सांधा त्याच्या मधोमध येऊ द्या आणि चारही कडा टेपने बंद करा. २४ तासांनी उचलला की आतून थेंब दिसले किंवा सांधा काळवंडला तर ओलावा वर येतोय. अशा जमिनीला आधी इपॉक्सीचा ओलावारोधक थर द्यायचा, किंवा सरळ एसपीसी घ्यायचं. ओल्या तळमजल्यावर इंजिनिअर्ड लाकडाचा हट्ट मला तरी पटत नाही. नवा सिमेंट कोबा केला असेल तर त्याला वाळायला मिलिमीटरमागे एक दिवस धरा, म्हणजे दोन इंचांना पन्नास दिवस. आपल्या दमट हवेत याहून जास्तच. वरून पांढरा पडला म्हणजे वाळला असं नाही.

कोणत्याही मजल्यावर फोमखाली २०० मायक्रॉनचं प्लास्टिक हवंच. दोन पट्ट्या एकमेकींवर आठ इंच चढवायच्या, सांध्यावर टेप लावायची आणि कडा भिंतीवर दोन इंच वळवायच्या. जास्तीचं प्लास्टिक शेवटी स्कर्टिंग किंवा बीडिंग लावण्याआधी ब्लेडने कापायचं.

उंचीचा हिशेब बहुतेक जण विसरतात. १५ मिमी फळी अधिक २ मिमी फोम म्हणजे जमीन १७ मिमी वर येणार. दार मोकळं फिरायला आणखी ४ मिमी धरा, झाले २१. दाराखाली आधीची ६ मिमी फट असेल तर दार १५ मिमी कापावं लागेल. हे काम फळ्या येण्याआधी उरकायचं, कारण भुसा आणि फेविकॉल लागलेले हात नव्या पॉलिशजवळ नकोत. त्याहून अडचणीची जागा बाथरूमची. ग्रॅनाइटचा उंबरा खोलीच्या जमिनीपेक्षा जेमतेम पाऊण इंच उंच असतो, नवी जमीन त्याला जवळपास भिडते आणि बाथरूमचं पाणी थेट लाकडावर यायला मोकळं होतं. उंबऱ्यावर आणखी एक ग्रॅनाइट पट्टी आधीच चढवून घ्या. बाल्कनीच्या सरकत्या दारापाशी लाकूड सहा इंच अलीकडे थांबवून तिथेही दगडी पट्टी टाकलेली बरी. तिरका पाऊस ट्रॅकमधून आत येतोच.

मालाचा हिशेब सोपा. १२० चौरस फुटांच्या खोलीला दहा टक्के तूट धरून १३२. १९० बाय १९०० मिमीच्या सहा फळ्यांचा बॉक्स २३.३ चौरस फूट भरतो, म्हणजे सहा बॉक्स. हे बॉक्स त्याच खोलीत, भिंतीपासून दूर, आडवे ठेवून ४८ ते ७२ तास राहू द्या. रोज एसी लागत असेल तर या दिवसांतही लावा. भिंतीला टेकवून उभे ठेवलेले बॉक्स धनुष्यासारखे वाकतात.

पहिली फळी ठेवण्याआधी शेवटच्या ओळीचं गणित करायचं. समजा खोली २९०० मिमी रुंद आहे. दोन्हीकडचे १२-१२ वजा केले, राहिले २८७६. १९० च्या पंधरा ओळींत २८५० जातात आणि शेवटी २६ मिमीची चिंधी उरते. ती ना लॉक होते ना दिसायला बरी. म्हणून मधे चौदाच पूर्ण ओळी घ्यायच्या आणि उरलेले २१६ मिमी दोन्ही टोकांना १०८-१०८ वाटायचे. फळ्यांची दिशा खिडकीतून येणाऱ्या उजेडाला धरून ठेवली की सांधे कमी दिसतात. आपल्याकडच्या भिंती प्लास्टरने पोटं सुटलेल्या असतात, त्यामुळे पहिली ओळ भिंतीला नव्हे, ताणलेल्या दोरीला लावायची आणि भिंतीकडची बाजू वळणाप्रमाणे कापायची. पहिली ओळ वाकडी गेली तर शेवटची कोणीच सरळ करू शकत नाही.

तीन-चार बॉक्स एकदम उघडून फळ्या मिसळत जा, म्हणजे रंगाचे ठिगळ पडत नाहीत. लगतच्या ओळींतले टोकांचे सांधे किमान एक फूट पुढे-मागे हवेत. ओळीच्या शेवटी कापलेला तुकडा एक फुटापेक्षा मोठा असेल तर पुढची ओळ त्यानेच सुरू करा. जिभेवर थेट हातोडी कधीच नको, टॅपिंग ब्लॉक, म्हणजे ठोकायचा ठोकळा मधे धरायचा. शेवटच्या ओळीला पुल बार, म्हणजे फळी ओढून बसवायची आकड्याची पट्टी. क्लिक नसलेल्या साध्या खाच-जिभेच्या फळ्या असतील तर खाचेत डी३ दर्जाचा, ओलावा सोसणारा गोंद भरायचा.

आता पुन्हा त्या चार सुतांकडे, कारण ती जागा काम चालू असताना हळूहळू चोरली जाते. भिंतीलगत जागा राखणारे स्पेसर काढून पुढे वापरले जातात आणि मागची ओळ भिंतीला सरकते. ग्रॅनाइटच्या चौकटीपाशी 'फट दिसते' म्हणून फळी भिडवली जाते. तिथे जागा सोडून जमिनीच्या रंगाचा लवचिक सिलिकॉन भरायचा. लाकडी चौकट असेल तर ती खालून १७ मिमी कापून फळी आत सरकवायची, आतही जागा ठेवून. दोन खोल्या सलग दिसाव्यात म्हणून दारातली, दोन्हीकडच्या फळ्यांमधली जागा झाकणारी टी-पट्टी टाळली जाते. पट्टी दिसते हे खरं, पण दोन खोल्यांची हालचाल अडीच फुटांच्या दारात एकवटली की सांधा तिथेच उचलतो. काम संपल्यावर हार्डवेअरवाला येतो आणि दाराचा चुंबकी स्टॉपर फळीतून थेट स्लॅबमध्ये ड्रिल करतो. एका स्क्रूने अख्खी तरंगती, म्हणजे न चिकटवता फोमवर नुसती टेकलेली जमीन खिळली जाते. स्टॉपर भिंतीला लावा. जमिनीपर्यंतचं कपाटही आधी उभं करायचं आणि फळ्या त्याच्यापाशी जागा ठेवून थांबवायच्या.

टाइल्सची जुनी स्कर्टिंग काढली तर प्लास्टर सोबत येतं. ती राहू द्या आणि १८ मिमीची बीडिंग स्कर्टिंगला चिकटवा, फळीला नाही.

पूर्ण चिकटवून बसवण्याचा मार्गही आहे. पाऊल भरीव वाजतं आणि उंची २ मिमीने वाचते. त्यासाठी खाचेच्या पट्टीने एमएस पॉलिमर किंवा पीयू गोंद पसरवावा लागतो, चौरस मीटरला किलो-सव्वा किलो. त्या दहा बाय बाराला १२-१४ किलो जातो आणि तोच बिलात टोचतो. स्वस्तात म्हणून पाण्याचा पांढरा गोंद वापरला तर त्यातलंच पाणी फळी पिते.

बिघाड झाला तर आधी आकार पाहा. दोन फळ्या सांध्यापाशी तंबूसारख्या उचलल्या असतील तर कुठेतरी जागा संपली आहे: बीडिंग काढा, भिडलेली कड शोधा, चार सूत कापा, बऱ्याचदा आठवड्यात जमीन आपोआप बसते. प्रत्येक फळीच्या कडा वर आणि मध्य खोलगट झाला असेल तर खालून ओलावा येतोय. एसीची ड्रेन, बाथरूमचा सांधा, बाल्कनी, या क्रमाने तपासा. अशा अवस्थेत घासून सपाट करायला जाऊ नका; वाळल्यावर फळ्या उलट्या, मध्ये फुगलेल्या दिसतील. एखाद्याच फळीचा वरचा थर कडेला सुटला असेल तर तिथे पाणी साचून राहिलं होतं, ती फळी बदलायची.

रोजच्या पुसण्यात निथळतं पोतेरं आणि फिनाइल दोन्ही बंद. घट्ट पिळलेलं सुती फडकं पुरतं. कामाला येणाऱ्या मावशींना हे एकदा समोर करून दाखवा, नुसतं सांगून बादलीभर पाणी जायचं थांबत नाही. समईखाली ताट ठेवा, तेलाचा डाग ऑइल फिनिशच्या लाकडात खोल जातो. उरलेल्या दोन-तीन फळ्या माळ्यावर उभ्या कोंबू नका. पलंगाखाली आडव्या ठेवा आणि बॉक्सवरचा बॅच क्रमांक कापून त्यांच्याच पाठीला चिकटवा.