क्लच व्हीली: आधी उजवा पाय, मग डावा हात

क्लच व्हीली म्हणजे क्लचच्या झटक्याने मोटरसायकलचं पुढचं चाक हवेत उचलून चालवणं. ती दिसते डाव्या हाताच्या दोन बोटांची, पण शिकावी लागते उजव्या पायापासून. हे मला दादाने अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि आता मला कुणी विचारलं तर मीही हेच सांगते. दादा म्हणजे गोव्यातल्या साखळी गावचा माझा चुलतभाऊ. त्याचं स्वतःचं गॅरेज आहे, आणि 2013 मध्ये वागातोरला इंडिया बाईक वीक हा मोटरसायकलवाल्यांचा मेळा पहिल्यांदा भरला तेव्हापासून त्याला स्टंटचं वेड आहे.

रस्त्यावर शिकायचं नाही, ही त्याची पहिली अट. गोव्यातले आमचे गावातले रस्ते अरुंद आणि वळणांचे. समोरून पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, प्रवासी घेऊन येतो, मागून कदंबची बस, मध्येच भाड्याच्या स्कूटरवरचा पर्यटक रस्ता शोधत थांबलेला. धोकादायकपणे गाडी चालवण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 184 आहेच, पण कायदा नसता तरी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून शिकण्यासारखी ही गोष्ट नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये गोव्यातले लोहखनिजाचे 88 खाणपट्टे रद्द केले आणि मार्चपासून खाणी थांबल्या. तेव्हा डिचोलीत आमच्या ओळखीच्या एका ट्रकमालकाने खनिज वाहणारे ट्रक विकले. त्यांचं काँक्रीटचं मोठं आवार रिकामंच होतं. त्या काकांनी परवानगी दिली, फाटक आतून लावून घ्या एवढंच म्हणाले. काँक्रीटवर तांबड्या मातीचा थर असायचा, तो दर वेळी आधी झाडून काढायचो. मातीवर मागचं चाक फिरत राहतं, पकड मिळत नाही आणि जोर वाया जातो.

गाडी माझी केटीएम आरसी 390. एका सिलिंडरचं 373 सीसीचं इंजिन, वजनाच्या मानाने ताकद भरपूर. फक्त हँडल खाली असल्यामुळे अंगाचा भार पुढे पडतो, म्हणून सीटवर मागे सरकून, पाठ सरळ ठेवून बसायचं. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं. पुढचं चाक हवेत गेलं की त्याचा वेग मंदावतो, सिस्टिमला वाटतं मागचं चाक घसरतंय, आणि ती ऐन वेळी ताकद कापते. फुल फेस हेल्मेट, पाठीचा प्रोटेक्टर, गुडघ्यांचे गार्ड, घोट्यापर्यंतचे बूट, ग्लव्ह्ज हे सगळं घातल्याशिवाय दादा चावी हातात देत नसे.

मग ब्रेक. पहिल्या गिअरमध्ये हळू चालवायची, थोडा थ्रॉटल चालू ठेवायचा आणि त्याच वेळी उजव्या पायाने मागचा ब्रेक हलकेच दाबायचा. पुन्हा पुन्हा तेच. आधी मला हे कंटाळवाणं वाटलं, पण पुढे सगळं यावरच उभं राहिलं. चाक उचललेलं असताना गाडी फक्त मागच्या चाकावर तोललेली असते. ते चाक आवळलं की वेग घटतो आणि पुढचा भाग खाली येतो. गाडी मागे उलटायला लागली तर वाचवणारी ही एकच गोष्ट. थ्रॉटल सोडूनही चाक खाली येतं, पण एकदा तोलाचा बिंदू ओलांडला की नुसतं थ्रॉटल सोडून भागत नाही.

"पाय पेडलवर आहे का, बाय?" दादा लांबून ओरडायचा. पाय पेडलवर नसेल तर त्या फेरीत क्लचला हात लावायचा नाही, हा नियम.

क्लचचं काम त्यानंतर सुरू झालं. वेग ताशी 20-25 किलोमीटर. थ्रॉटल स्थिर. तर्जनी आणि मधल्या बोटाने लिव्हर थोडासाच ओढायचा, पूर्ण नाही, प्लेटा जेमतेम सुटतील एवढाच. त्याच क्षणी थ्रॉटल वाढवायचा, आरपीएम वर चढतो, आणि लिव्हर सोडायचा. इंजिनने तेवढ्यात साठवलेला जोर एकदम मागच्या चाकावर येतो आणि पुढचं चाक उठतं. हँडल हाताने वर खेचायचं नाही. हाताने खेचलं की गाडी तिरकी उठते. सुरुवातीला माझं चाक जेमतेम वीतभर उठायचं. तेवढ्यावरच ब्रेक दाबून खाली आणायची, दादाचं तेच सांगणं होतं. उंची वाढवायची घाई नाही, आधी प्रत्येक वेळी पायाने खाली आणता आली पाहिजे.

एके संध्याकाळी चाक नेहमीपेक्षा बरंच वर आलं. समोरचं काँक्रीट दिसेना, नुसता मीटर आणि आकाश. मी विचार करायच्या आत पाय दाबला गेला होता आणि गाडी सरळ खाली आली. दादाने लांबून अंगठा दाखवला. त्या दिवसापासून माझी भीती गेली असं नाही, पण पायावर भरवसा बसला.

खाली आणताना चाक सरळ हवं आणि थोडा थ्रॉटल चालू हवा. नाहीतर पुढचं चाक धाडकन आपटतं आणि फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) सीलमधून तेल गळायला लागतं, कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंगही खिळखिळं होतं. क्लच सतत घासला जात असल्यामुळे प्लेटा तापतात. जळका वास आला की थांबायचं, गाडी थंड होऊ द्यायची. चेनचा ढिलेपणा आणि इंजिन ऑइलची पातळी मी प्रत्येक सरावाआधी बघते. तेल कमी असेल आणि गाडी बराच वेळ मागच्या चाकावर उभी राहिली तर ते सम्पमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळातल्या तेलाच्या भांड्यात, मागे सरकतं आणि पंपाला हवा लागू शकते.

आता पहिल्या गिअरमध्ये मी आवाराच्या अर्ध्या लांबीपर्यंत चाक धरून ठेवते, ब्रेक आणि थ्रॉटल दोन्हींनी तोल राखत. जूनपासून काँक्रीटवर शेवाळ धरतं, तेव्हा सराव बंद. त्या महिन्यांत क्लच प्लेटा बदलून घेणार आहे. गणेश चवथ झाली, पाऊस ओसरला की दुसरा गिअर.