आतडं काढलं, मग रक्त का भरत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. क्रोन्सच्या, म्हणजे आतड्यात दाह आणि व्रण होणाऱ्या दीर्घकाळच्या आजाराच्या, ऑपरेशननंतर रुग्णाच्या घरची माणसं मला हमखास विचारतात, ‘आजारी आतडं काढून टाकलं, टाकेही निघाले, मग अंगात रक्त का भरत नाही?’ विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट असतो आणि त्यातला एखादा आकडा ठळक छापलेला असतो. मी आधी एवढंच विचारते, की तो ठळक आकडा कशाचा आहे? हिमोग्लोबिनचा, पांढऱ्या पेशींचा, की प्लेटलेटचा? आपण सगळ्यालाच सरसकट ‘रक्त कमी आहे’ म्हणतो. मीही म्हणायचे. त्यात माझं जवळजवळ दीड वर्ष गेलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्या लहान आतड्याचा अगदी शेवटचा भाग, इलियम म्हणतात तो, ४० सेंटीमीटर काढला. क्रोन्स बहुतेकदा इथेच ठाण मांडतो. १९३२ साली बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा त्यांनी तो इलियमचाच आजार म्हणून मांडला होता. माझं आतडं तिथे आकसून इतकं अरुंद झालं होतं की खाल्लेलं पुढे सरकेना. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन ८.४ होतं. त्याचं कारण कळायला अवघड नव्हतं. थोडं रक्त ऑपरेशनात गेलं, उरलेलं सलाइनमुळे पातळ झालं, आणि त्याआधी कित्येक महिने आतड्याच्या व्रणांमधून ते झिरपत होतंच.

घरी आल्यावर लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. पोट ढवळायचं, शौचाला काळी व्हायची, आणि हिमोग्लोबिन जागचं हलेना. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारा आकडा, तपासलं तर ७०. रिपोर्टवर छापलेल्या मर्यादेत बसणारं. ‘लोह तर आहे तुमच्यात,’ असं मला सांगण्यात आलं आणि मी मान डोलावली. पुढे कळलं ते असं. शरीरात दाह असला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं, आणि ते लोहाच्या वाटा बंद करतं. आतड्यातलं लोह रक्तात उतरत नाही, साठ्यातलं बाहेर निघत नाही. वर दाहामुळे फेरिटिनचा आकडाही वाढतो. म्हणून दाह चालू असताना फेरिटिन १०० च्या आत असेल तर लोह कमी असण्याची शक्यता धरायची असते, आणि जोडीला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन लोहाने किती टक्के भरलं आहे ते, बघायचं असतं. २० टक्क्यांच्या खाली गेलं की काळजी. माझं ९ होतं. गोळ्या थांबवून दोनदा शिरेतून लोह दिलं आणि सहा आठवड्यांत हिमोग्लोबिन ११ च्या पुढे गेलं. ज्या संध्याकाळी मी दोन जिने न थांबता चढले, त्या संध्याकाळी वर पोचल्यावर मला रडू आवरलं नाही.

आता पांढऱ्या पेशी. आजार परत येऊ नये म्हणून मला अ‍ॅझाथायोप्रिन सुरू केलं होतं. क्रोन्समध्ये आपलीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते, तिला हे औषध आवरतं. आवरतं म्हणजे नव्या पेशी तयार होण्याचा वेग कमी करतं, आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जाही त्या तडाख्यात सापडू शकते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, आणि न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी रक्तात जेमतेम एखादा दिवस. त्यामुळे मज्जेचं काम मंदावलं की बहुधा न्यूट्रोफिल आधी उतरतात. हिमोग्लोबिन ठीक दिसतं म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. सुरुवातीला प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइडही चालू होतं, आणि त्याने पांढऱ्या पेशींचा आकडा फुगतो. ते हळूहळू कमी करत आणलं आणि सातव्या आठवड्यात खरा आकडा उघडा पडला. एकूण पांढऱ्या पेशी २,६०० आणि न्यूट्रोफिल १,१००. १,५०० च्या खाली ते कमी धरतात, ५०० च्या खाली जंतुसंसर्गाचा धोका फार मोठा. मला त्या दिवशी काहीही होत नव्हतं. ना थकवा, ना ताप. तपासणी चुकवली असती तर कळलंही नसतं. सुरुवातीचे काही आठवडे वारंवार आणि नंतर निदान दर तीन महिन्यांनी सीबीसी करायला सांगतात, ते याचसाठी. ‘बरं वाटतंय, मग सुई कशाला’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

गोळी त्याच दिवशी थांबवली. औषध सुरू करण्याआधी, ते शरीरात निकामी करणाऱ्या टीपीएमटी या एन्झाइमची तपासणी झाली होती आणि ती चांगली आली होती. हे एन्झाइम जवळजवळ नसणारे लोक थोडेच, युरोपीय वंशात साधारण ३०० मध्ये एक, पण त्यांना नेहमीचा डोस जिवावर बेतू शकतो. माझ्यात फरक निघाला तो एनयूडीटी-१५ या दुसऱ्या जनुकात, जो आशियाई वंशाच्या लोकांत जास्त आढळतो. पेशी वर आल्यावर डॉक्टरांनी बराच कमी डोस देऊन पुन्हा सुरुवात केली, आणि तो मला सोसला. आणखी एक, घरात कुणी यूरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल घेत असेल तर ती गोळी या औषधाबरोबर चुकूनही आपल्या मनाने घ्यायची नाही. तिच्यामुळे अ‍ॅझाथायोप्रिनचा जोर कितीतरी पटींनी वाढतो.

तेव्हापासून थर्मामीटर माझ्या उशाशी असतो. ताप ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट झाला की पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे.

इतकं होऊनही माझं हिमोग्लोबिन ११ च्या आसपास अडकून होतं. रिपोर्टमध्ये एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा आकार, १०६ दाखवत होता. १०० च्या वर म्हणजे पेशी मोठ्या झालेल्या. अ‍ॅझाथायोप्रिननेही तसं होतं, म्हणून ‘औषधाचा परिणाम आहे’ असं ठरलं आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मिळाली. मला ते पटलं. इतरांनाही मी तसंच सांगत राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं.

एका रात्री चालता चालता पायातली चप्पल मागेच राहिली आणि मला ते कळलंच नाही. चार पावलं पुढे गेल्यावर खाली बघितलं तेव्हा समजलं. तळव्यांना महिनोन् महिने मुंग्या येत होत्या, त्या मी थकव्याच्या खात्यात टाकल्या होत्या. नव्या डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून माझ्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला आणि म्हणाल्या, ‘थरथर थांबली की सांगा.’ मी लगेच ‘थांबली’ म्हणाले. त्यांनी तोच फोर्क माझ्या मनगटावर ठेवला. तो अजून गुणगुणत होता.

कारण निघालं बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता. तिच्यामुळे तांबड्या पेशी मोठ्या होतात आणि मज्जातंतूंनाही इजा होते. बी-१२ शरीरात घेतलं जातं ते इलियमच्या शेवटच्या भागातून, माझ्या कापून टाकलेल्या ४० सेंटीमीटरमधून. यकृतात त्याचा काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, म्हणून ऑपरेशननंतर लगेच काही जाणवत नाही. पण माझं इलियम ऑपरेशनच्या कितीतरी आधीपासून आजारी होतं, साठा बहुधा तेव्हाच तळाला गेला होता. आणि नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्त थोडं सुधारल्यासारखं दिसतं, आत मज्जातंतूंचं नुकसान मात्र चालूच राहतं. माझं बी-१२ निघालं १४०, म्हणजे कमी. १,००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं आधी एक दिवसाआड घेतली, आता ठरावीक अंतराने, आणि ती कायमची. चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन १२.६ झालं.

तेव्हा कुणाचं आतडं काढलं असेल तर डिस्चार्जचा कागद काढा, कुठला भाग आणि किती सेंटीमीटर काढला ते बघा, आणि पुढच्या भेटीत बी-१२ कधी तपासायचं ते स्वतःहून विचारा. पायांना मुंग्या येत असतील तर भेटीची वाट बघू नका. माझ्या मुंग्या गेल्या, अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क आता कळतो. उजव्या पायाची शेवटची दोन बोटं मात्र अजून बधिर आहेत.