आधी बूड पाहावं

फुलदाणी हातात आली की माणूस आधी तिचं तोंड पाहतो, मग पोटावरून हात फिरवतो. ती कुणी बनवली हे जाणून घ्यायचं असेल तर हा क्रम उलटा करावा, आणि फुलदाणीही. त्याआधी आत काय आहे ते मात्र बघून घ्यावं. उंच फुलदाणी कलंडू नये म्हणून कुणीतरी कधीकाळी तळाशी वाळू भरून ठेवलेली असते आणि ती सगळी आपल्या मांडीवर येते. खाली टॉवेलची जाड घडी ठेवावी, फुलदाणी आडवी करावी आणि काठावर भार न देता बूड सावकाश वर आणावं.

हे सगळं पश्चिम जर्मनीतल्या, साधारण १९५० ते १९८० या काळातल्या फुलदाण्यांबद्दल. नारिंगी, तपकिरी, भडक लाल रंग आणि मधूनच काळा, खरखरीत, उकळता उकळता थिजल्यासारखा पट्टा. संग्राहकांनी पुढे त्यांना ‘फॅट लाव्हा’ म्हणायला सुरुवात केली. जर्मनीत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना शनिवार-रविवारच्या फ्लोमार्क्टात, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारात, त्या भेटतातच. विकणाऱ्याला कारखाना विचारला तर उत्तर बहुधा एकच: शॉयरिख. क्लाइनहॉयबाखच्या या कारखान्याने माल इतका काढला की न बघता ठोकून दिलं तरी बरेचदा खरं निघतं. पंचाईत उरलेल्या वेळची असते.

बुडावर नाव सापडेल ही आशा सोडून द्यावी. तिथे बहुतेकदा असतं ते ‘डब्ल्यू. जर्मनी’ आणि एक आकडा, उदाहरणार्थ ५१७-३०. देशाचं नाव हौसेने घातलेलं नाही. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देश लिहिणं सक्तीचं केलं, इतर बाजारांतही तसे नियम होते, आणि हा माल निर्यातही व्हायचा. कारखान्याचं नाव असायचं ते चिकटवलेल्या चकचकीत लेबलावर, आणि पहिल्या मालकिणीने ते घरी नेल्या नेल्या खरवडून टाकलेलं असतं. ते शाबूत असेल तर फुलदाणी पाण्यात बुडवू नये. ओल्या फडक्याने लेबलाच्या भोवतीनं पुसावी.

आकड्याचं गणित सोपं आहे. रेघेच्या आधीचा भाग म्हणजे आकाराचा क्रमांक, नंतरचा म्हणजे सेंटिमीटरमधली उंची. मोजताना टेप पोटाच्या वळणावरून नेऊ नये. तोंडावर सपाट पुस्तक ठेवावं आणि टेबलापासून पुस्तकाच्या खालच्या कडेपर्यंत पट्टी उभी धरावी. तीसच्या जागी साडेएकोणतीस किंवा एकतीस आलं तर बिघडलं नाही. भट्टीत माती आकसते आणि झिलईची, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाची, जाडीही कमीजास्त होते. तीस लिहिलंय आणि भरतात चोवीस, असं झालं तर मात्र काठावरून बोट फिरवून बघावं. तुटलेला काठ घासून सारखा केलेला असू शकतो.

आकडा पुसट असतो, कारण तो साच्यातूनच आलेला असतो आणि वरून झिलई ओघळून त्यात भरते. अशा वेळी टॉर्च जवळजवळ आडवा धरावा. तिरप्या उजेडात खाचा उठून दिसतात. तरीही जमलं नाही तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलक्या हाताने घासावी. काही विक्रेते टेबलावर ओरखडे नकोत म्हणून बुडाला फेल्ट चिकटवतात. ते कोमट पाण्याने भिजवून सोडवावं, सुरीने उचकटू नये.

आता या आकड्याचा खोडकरपणा. तो कुठल्या सरकारी वहीत नोंदलेला नाही. प्रत्येक कारखाना आपापला क्रम लावायचा, त्यामुळे एकच क्रमांक दोन ठिकाणी सहज सापडतो. शिवाय तो फक्त आकार सांगतो. एकच आकार वर्षानुवर्षं निरनिराळ्या झिलयांत निघत राहिला, म्हणून आकड्यावरून साल काढणारा माणूस पुढे कितीही आत्मविश्वासाने बोलला तरी आपण मान डोलावू नये. ‘डब्ल्यू. जर्मनी’ एवढंच सांगतं की माल १९४९ नंतरचा आणि १९९० च्या एकीकरणाआधीचा. नुसतं ‘जर्मनी’ असेल तर तेवढंही कळत नाही: युद्धाआधीचा असेल, १९५० च्या दशकातला असेल, एकीकरणानंतरचाही असेल. ‘फॉरेन’ असा शिक्का दिसला तर तो बहुधा ब्रिटनला गेलेला माल.

मग बघायची माती. बुडाच्या कडेला जिथे झिलई नसते तिथली, आणि तीही मऊ ब्रशने धुऊन. पन्नास वर्षांचा मळ पांढऱ्या मातीलाही तपकिरी करतो. ब्लीच टाळावं, ते झिलईच्या बारीक तड्यांतून आत मुरतं. शॉयरिखची माती भाजल्यावर पांढरट येते. पण रान्सबाख-बाउमबाखच्या बाय केरामिक या कारखान्याचीही तशीच. वेस्टरवाल्डच्या त्या टापूत उत्तम माती निघते, शेकडो वर्षं कुंभारकी चालत आली आहे, आणि बायच्या तिथल्या शेजाऱ्यांचीही माती तशीच असण्यात नवल नाही. शॉयरिख त्या टापूतला नाही, तरी नुसत्या पांढऱ्या मातीवरून नाव घेता येत नाही. बायच्या बुडावर मात्र पुष्कळदा ‘बाय’ लिहिलेलं असतं, तेवढी त्यांची मेहेरबानी.

मातीची खरी गंमत राइनबाखला आहे. तिथल्या रुशा कारखान्यात ओटो गेरहार्त्स हे झिलईचे जाणकार होते. ‘व्हल्कानो’ ही रुशाची गाजलेली झिलई त्यांची. १९६४ मध्ये त्यांनी त्याच गावात ओटो केरामिक हा स्वतःचा कारखाना काढला. हात तोच, विद्या तीच, मग वरचा लाव्हाही, म्हणजे तो खरखरीत थर, सख्ख्या नात्यातला निघणारच. नुसत्या पोटाकडे बघून रुशा की ओटो हे ठरवणं अवघड होतं ते इथे. उलटी केली की बरंच उलगडतं: ओटोची माती बहुतेकदा विटकरी तपकिरी, आणि बुडावर बरेचदा काहीच नाही. रुशाकडे आकाराचे क्रमांक भेटतात. त्यांतला ३१३ हा कुर्ट त्श्योर्नर यांनी १९५४ मध्ये रेखाटलेला कानाचा चंबू इतका खपला की अनेक संग्राहकांची सुरुवात तिथूनच होते.

लाव्हा कसा होतो हे कळलं की नकलाही कळतात. झिलईत सिलिकॉन कार्बाइडची पूड घालतात. भट्टीत तिच्यापासून वायू सुटतो, घट्ट झिलईतून बुडबुडे वर येऊन फुटतात आणि खळगे तसेच गोठतात. चांगल्या लाव्हाला अनारशासारखी जाळी पडते: लहानमोठी भोकं, कुठे दाट, कुठे विरळ. खळगे सगळे एकाच मापाचे आणि रांगेत बसलेले दिसले तर ती साच्यातली नक्षी आहे, वर नुसता काळा रंग. ती काही लबाडी नव्हे. कारखान्यांनी स्वतःच असा स्वस्त माल काढला आहे. पण लाव्हा म्हणून जादा पैसे मोजू नयेत.

आत बोट घालून चाचपावं. प्लास्टरच्या साच्यात पातळ माती ओतून केलेल्या भांड्यात बाहेर जिथे फुगवटा, तिथे आत खोलगट लागतं, आणि बाजूला जोडाची पुसट रेघही सापडते. चाकावरच्या भांड्यात आतून बोटांची आडवी वळणं लागतात. अशा भांड्याच्या बुडावर टोकदार काडीने कोरलेली सही असेल तर कारखान्यांच्या याद्या बाजूला ठेवाव्यात. तो एखाद्या कुंभाराच्या स्वतःच्या कार्यशाळेतला माल असण्याची शक्यता जास्त, आणि शोध वेगळ्याच दिशेने सुरू करावा लागतो.

बूड, माती, आकार, झिलई यांपैकी तीन गोष्टी एका कारखान्याकडे बोट दाखवत असतील तर नाव घ्यावं. दोनच जुळत असतील तर नावापुढे ‘बहुधा’ लिहावं. विकणाऱ्यांना हा शब्द आवडत नाही, कारण त्याने किंमत उतरते. एकच जुळत असेल तर चिठ्ठीवर ‘पश्चिम जर्मनी, पांढरी माती, साच्यातली, उंची २० सेंटिमीटर, कारखाना अज्ञात’ असं लिहून ती फुलदाणीच्या आत टाकावी. बाहेरून चिकटपट्टीने लावू नये. लाव्हाच्या खळग्यांतून तो गोंद निघता निघत नाही.