कासच्या पठारावर माझा फोन

आज आईला कासला घेऊन गेले होते. सकाळी ६ ला १०० टक्के असलेली ५,००० एमएएचची बॅटरी रात्री घरी आले तेव्हाही ३४ टक्के होती, तेही दिवसभर फोटो काढून. १८ हजारांच्या फोनकडून आणखी काय हवं!

पण दवबिंदूने रडवलं. किडे खाणारी ती इवलीशी वनस्पती, आणि अगदी जवळून फोटो काढायचा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा! नुसता लालसर डाग. हा कॅमेरा देऊच नये, असं माझं ठाम मत झालंय. शेवटी ५० मेगापिक्सेलच्या मुख्य कॅमेऱ्याने वीतभर लांबून फोटो काढला आणि क्रॉप केला. पानावरचा चिकट थेंबन् थेंब दिसला.

संध्याकाळी ढग उतरले. फोनमध्ये ओआयएस (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, त्यामुळे कमी उजेडात फोटो हलले. आईचा हसरा फोटोही. त्याचं फार वाईट वाटतंय.