दादाला मुक्तांगणमध्ये सोडून आलो

येरवड्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून परतताना रिक्षात शेजारची जागा रिकामी होती. दादा, माझा आतेभाऊ, वय ४१. सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीत सांडत होता. "थंडी वाजतेय रे," म्हणाला. मे महिन्यात!

मागच्या वर्षी आत्याने त्याला खोलीत कोंडून दारू सोडवायचा प्रयत्न केला होता. दुसऱ्या दिवशी फिट आली, तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर माणसं दिसायला लागली. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकतं, हे तेव्हा डॉक्टरांकडून कळलं. आम्ही सगळे शिकलेले बरं का. पण "जरा मनावर घे" यापलीकडे घरात कुणाकडेच उपाय नव्हता.

मुक्तांगण १९८६ सालचं. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीचा आधार घेऊन. हे सगळं वाचून माहीत होतं. त्या दारात आपणच उभे राहू, असं कधी वाटलं नव्हतं.

आत जाताना दादाने खिशातली बडीशेपेची पुडी माझ्या हातावर ठेवली. वास लपवायला जवळ बाळगायचा. अजून माझ्याच खिशात आहे. आत्याला दाखवलेली नाही.