गोसेखुर्दच्या पाण्यावर मुक्काम: आधी इंपेलर उघडा, मग नाव सोडा

नागपुराहून निघून गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये नावेवरच राहायचा बेत असेल, तर "सर्विस झालेली हाय भाऊ, काही पाहाचं काम नाही" या वाक्यावर काडीचाही विश्वास ठेवू नका. आम्हाला भाड्याने मिळालेलं १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (नावेच्या मागे टांगायचं इंजिन) वरून चकाचक पुसलेलं होतं. आत इंपेलरच्या, म्हणजे इंजिन थंड करणारं पाणी ओढणाऱ्या पंपातल्या रबरी चक्राच्या, दोन पात्या जागेवरच नव्हत्या.

कुही-वेलतूर-आंभोरा रस्त्यात सांगण्यासारखं काही नाही. आंभोऱ्याचा संगम, चैतन्येश्वराचं देऊळ, नवा पूल, सगळं छान. फोटो ढिगाने सापडतील.

खरा जीव काढला तो जलपर्णीच्या पट्ट्याने. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतं, त्याच खतावर ही माजते. म्हणजे आपणच सोडलेल्या घाणीने आपलंच इंजिन गुदमरतं. मुळ्या पंख्याला गुंडाळल्या तर इंजिन रिव्हर्सला टाकून बऱ्याचदा सुटतात. पण त्याच मुळ्या गिअरकेसच्या, म्हणजे इंजिनाच्या पाण्यातल्या खालच्या भागाच्या, पाणी ओढणाऱ्या जाळीवर बसल्या की थंड करणारं पाणी बंद. इंजिनामागून पडणाऱ्या धारेवर एकाने सतत नजर ठेवायचीच. आमची धार बारीक होऊन राहिली होती, तरी नावाडी म्हणे, "चालते बाप्पा." चालत नाही. धार तुटली की लगेच इंजिन बंद करा, वर उचला, जाळी साफ करा. मग धारेच्या भोकात पातळ तार घाला. कधीकधी तिथेच कचरा अडकलेला असतो आणि पंप बिचारा ठणठणीत असतो.

आमच्या भोकात कचरा नव्हता. नाव काठाला लावली, इंजिन उतरवून दोन फळ्यांवर टेकवलं आणि खाली ताडपत्री अंथरली. हे पाण्यात हलणाऱ्या नावेवर करू नका, एक बोल्ट पाण्यात पडला की सहल संपली. न्यूट्रलमध्ये ठेवून गिअरच्या दांडीचा जोड सोडवा, बोल्ट काढा, खालचा भाग सरळ खाली ओढा. पंपाचं झाकण उघडल्यावर दिसलं ते रबर नव्हतंच, कडक झालेली काळी वाटी होती. उरलेल्या पात्या एकाच बाजूला वाकून तशाच गोठलेल्या. तुटलेले तुकडे शोधा, ते वरच्या नळीत जाऊन बसतात आणि नव्या इंपेलरलाही उपाशी मारतात. इंपेलरला शाफ्टवर अडकवून ठेवणारी नखाएवढी लोखंडी चावी आधी डबीत टाका. नवा इंपेलर बसवताना रबराला थोडं ग्रीस लावा आणि शाफ्ट त्याच्या नेहमीच्या दिशेने, म्हणजे वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, फिरवत झाकण दाबा. पात्या उलट वाकता कामा नयेत.

आता लूट. नागपुरातल्या एका दुकानदाराने नुसत्या रबराचे साडेतीन हजार घेतले, तेही उपकार केल्यासारखे. मेकॅनिकने नुसतं यायचेच सहा हजार सांगितले. त्याला नाही म्हटलं, पण भाच्याला रबर आणायला पाठवावंच लागलं. नंतर कळलं, मुंबईहून गॅस्केट, चावी, प्लेटसकट अख्खं किट त्या रबराच्या निम्म्या किमतीत येतं. घाट रोडवर ऑइल, होस क्लिप, स्पॅनर मिळतील. आउटबोर्डचा पार्ट शोधत उन्हात फिरू नका. पार्ट नंबर बघून निघण्याआधीच मागवा.

प्लग दोन जादा ठेवा. पेट्रोल-ऑइल ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. अंदाजाने ओतणाऱ्याच्या हातात कॅन देऊ नका. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं आणि ते पाणी ओढतं. म्हणून संध्याकाळी पेट्रोलची होस काढून कार्ब्युरेटर कोरडा पडेपर्यंत इंजिन चालवा, अर्थात खालचा भाग पाण्यात असतानाच. टाकी झोपायच्या जागेपासून आणि स्टोव्हपासून लांब. रात्री छताखाली पेट्रोलचा वास येत असेल तर झोपूच नका, आधी गळती शोधा.

गिअर ऑइल दुधासारखं पांढरं निघालं तर सीलमधून पाणी शिरलंय, त्या इंजिनाला हात जोडून परत करा. नवं भरताना खालच्या भोकातून भरा, वरच्यातून बाहेर येईपर्यंत, आणि आधी वरचा स्क्रू घट्ट करा. जुनं ऑइल बाटलीत भरून परत न्या, तिथल्या ढिवरांची (मासेमारांची) जाळी त्याच पाण्यात असतात. आणि गोड्या पाण्यासाठी "भारी माल" म्हणून जस्ताचा अ‍ॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा धातूचा तुकडा) विकणाऱ्याला सांगा, इथे मॅग्नेशियमचा लागतो.